ठेवलेला पेढा

आबांच्या घरी शिळं उरत नसे, कारण आबा काही उरूच देत नसत. सगळ्यांची पानं झाली की ते आमटीचं पातेलं पुढ्यात ओढायचे आणि तळाशी बसलेली डाळ भाकरीच्या तुकड्याने निपटून घ्यायचे. नातीने टाकलेल्या पोळीच्या कडा उचलायचे. शेवटी ताटात पाणी ओतून, बोट फिरवून तेही पिऊन टाकायचे. दुधाच्या पातेल्याची खरवड तर त्यांच्या हक्काचीच. तिच्यासाठी कड झिजलेला एक जुना चमचा वेगळा ठेवलेला होता आणि तो दुसऱ्या कशाला वापरलेला त्यांना खपत नसे. पोट भरलंय का, हा प्रश्न या सगळ्यात कुठे यायचाच नाही. भांडं रिकामं झालं की जेवण संपलं.

एसटीच्या वर्कशॉपात नोकरी होती तोवर हे खाणं अंगी लागून जिरून जायचं. निवृत्तीनंतर दोन वर्षांत पोट सुटलं, पाय जळजळायला लागले आणि रक्त तपासल्यावर साखर सापडली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा तो एचबीए१सीचा आकडा साडेसहाच्या पुढे गेला की मधुमेह म्हणतात. आबांचा होता साडेआठ.

गावाकडच्या भावकीला हे पटेना. ‘बहात्तरच्या दुष्काळात वाढलेला माणूस हा. ह्याला कसली शुगर? शुगर शेटजींना होती,’ असं म्हणणारे अजूनही आहेत. खरं तर गोष्ट जवळजवळ उलटी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पिढीभर अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी भरले ते स्नायू. चरबी त्या मानाने शाबूत होती. आईच्या पोटात ज्याची उपासमार होते, त्याचं शरीर साठवायला शिकूनच बाहेर येतं. पुढे त्याला भरल्या घरात ठेवलं, की साखर वाढायचा धोका जास्त.

आबा माण तालुक्यातले. मूळचाच कमी पावसाचा मुलूख, त्यात ओळीने वर्षं कोरडी गेलेली. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांतली एक आबांची आई. ती खडी फोडायला जायची आणि आठ-नऊ वर्षांचे आबा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन तिच्या मागे. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेने चिरायची आणि गिळताना घशात अडायची. पण कामावर सुकडी मिळायची! कोरडी, पिठूळ, जराशी गोड. ती वाटणारा माणूस दिसला की पोरं धावत सुटायची.

एकदा आबांनी आपल्या वाट्याची सगळी सुकडी खाल्ली नाही. अर्धी चड्डीच्या खिशात घालून घरी आणली आणि चुन्याच्या रिकाम्या डबीत घालून फळीवर ठेवली. संध्याकाळी खायची ठरवून. मग दुपारभर ते दगडांच्या सावलीत बसून त्या डबीचाच विचार करत होते, आणि अख्ख्या उन्हाळ्यातली तीच दुपार त्यांना सुखाची आठवते. संध्याकाळी डबी उघडली तर आत चुन्याचा पांढरा डाग तेवढा होता. चुलत्याने खाल्ली होती. तोही दिवसभर माती उपसून आलेला, पोटात काही नसलेला माणूस. त्याला कोण काय बोलणार? आईने पोराला जवळ ओढलं आणि म्हणाली, ‘म्होरं आलं की खाऊन मोकळं व्हायचं, बाळा. ठिवल्यालं आपलं नसतंय.’

त्या घरात, त्या साली, हे अगदी शहाणपणाचं बोलणं होतं. पुढे विहिरीला पाणी आलं, आबा पुण्याला आले, नोकरी लागली, धनकवडीत दोन खोल्या झाल्या, मग फ्रीज आला. शहाणपण मात्र जुनंच राहिलं.

शुगर निघाल्यावर आजींनी घरात कुलूप आणलं. फराळाचे डबे कपाटात आणि किल्ली कमरेला. पथ्याची इतकी वाईट तऱ्हा दुसरी नसेल. आतापर्यंत आबा दिसेल ते खात होते, आता न दिसणारंही शोधू लागले. तांदळाच्या पिंपात पुरलेला बेसनलाडवांचा डबा त्यांनी वासावरून काढला. भाजी आणायला म्हणून बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावर उभ्या उभ्या दोन वडापाव खाऊन, वर बडीशेप चघळत घरी यायचे. चोरून खाताना माणूस घाईत असतो. त्या घाईत चवही कळत नाही, मग ती चुकलेली चव गाठायला आणखी एक.

‘अहो, लहान मूल बरं तुमच्यापेक्षा,’ आजी म्हणायच्या. हे त्या रागाने म्हणायच्या, पण घरातलं लहान मूल खरोखरच बरं होतं.

नात मनू साडेपाच वर्षांची. विहीणबाई साताऱ्याहून आल्या की कंदी पेढे आणायच्या. मनूला एक मिळाला की ती तो दोन्ही हातांनी मोडायची, अर्धा खायची आणि उरलेला कागदात गुंडाळून फ्रीजच्या दारातल्या अंड्यांच्या खळग्यात ठेवायची. ‘उद्या खाईन’ म्हणून खेळायला पळायची आणि मागे वळूनसुद्धा बघायची नाही. आबा थक्क व्हायचे. अर्ध्यावर थांबता येतं, तेही कुणी न सांगता, हे त्यांनी असं डोळ्यांदेखत कधी पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास आबांच्या मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या आसपास केलेल्या प्रयोगाची ती नक्कल होती. मुलापुढे एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड गोळा, ठेवायचा. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, असं सांगून निघून जायचं. आबांच्या मुलाने लगेच मनूवर चॉकलेटच्या गोळ्यांचा तोच प्रयोग केला. मनू गाणं म्हणत, पाय हलवत बसून राहिली आणि दोन गोळ्या घेऊन गेली. ‘बघा आबा, ह्याला म्हणतात जिभेवर ताबा! थांबणारी मुलंच पुढे यशस्वी होतात म्हणे.’ आबा काही बोलले नाहीत. या परीक्षेला आपण बसलो नव्हतो थोडेच!

पुढच्या आठवड्यात, रात्री, पाणी प्यायला म्हणून उठलेल्या आबांनी फ्रीज उघडला आणि तो अर्धा पेढा खाल्ला. फार विचार केला असंही नाही. कागद उलगडला, पेढा तोंडात गेला, कागदाची गोळी केरात. परत येऊन झोपले, आणि झोपही छान लागली.

सकाळी मनू खळग्यात हात घालून उभी. ‘माझा पेढा?’

‘मुंग्यांनी नेला असेल गं,’ आबा पेपरातून म्हणाले.

‘फ्रीजमध्ये मुंग्या?’

आबांनी पेपराचं पान उलटलं. आजींनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्या चहा गाळू लागल्या.

मनू रडली नाही. पुढचा पेढा मिळाला तेव्हा मात्र तिने तो मोडलाच नाही. अख्खा तोंडात कोंबला, गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने हाताने तोंड दाबून धरलं. वाढदिवसाला गेली तर स्वतःची प्लेट संपवून दुसऱ्यांच्या प्लेटकडे बघत बसली. एकदा रात्री अंगाला काहीतरी चावतंय म्हणून ओरडत उठली. दिवा लावला तर उशीखाली रव्याचा लाडू आणि चादरीवर मुंग्यांची रांग. या वेळी मुंग्या खऱ्या होत्या.

पाहुण्यांसमोर मुलाने चॉकलेटचा प्रयोग पुन्हा करून दाखवायला घेतला. तो खोलीतून बाहेर पडेपर्यंतही मनू थांबली नाही.

‘काय झालंय हिला? एवढा कंट्रोल होता.’

सून बालवाडीत शिकवायची. ती म्हणाली, ‘तू अर्धाच प्रयोग बघितलायस. रॉचेस्टर विद्यापीठात २०१३च्या सुमारास दुसरा झाला. त्यात मुलांना आधी चांगले रंग आणून देते म्हणून सांगितलं. काहींना आणून दिले, काहींना “नाहीत रे, सॉरी” म्हटलं. मग मार्शमेलो ठेवला. ज्यांना रंग मिळाले होते ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन. ताबाबिबा नंतर. सांगणाऱ्याचा शब्द खरा असतो का, हे मूल आधी बघतं. आणि त्या यशाचं म्हणशील, तर २०१८मध्ये जास्त मुलं घेऊन पाहिलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातला फारसा दम उरला नाही.’

‘पण हिला कोण फसवणार आपल्या घरात?’

आबा उठून गॅलरीत गेले. चुलत्याचा चेहरा त्यांना नीट आठवेना, फक्त हात आठवले, मातीने भेगाळलेले. चुलता भुकेला होता. आपण जेवून, वर ताटातलं पाणीही पिऊन झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी मनूला शाळेतून आणताना ते पुलाच्या कठड्यापाशी थांबले. ‘मनू, त्या मुंग्या नव्हत्या. पेढा मी खाल्ला.’

मनूने त्यांचा हात सोडला. ‘का?’

याचं उत्तर त्यांना देता येईना, म्हणून त्यांनी सुकडीची गोष्ट सांगितली. फळी, चुन्याची डबी, सगळं. मनूने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग तुझ्या काकाने तुला परत दिली?’

‘नाही.’

‘तू मला परत देणारेस?’

घरी जाताना त्यांनी झाकणाची एक छोटी स्टीलची डबी घेतली. पेढाही घेतला, आणि वाटेत त्याला हात लावला नाही. मनूने तो मोडून अर्धा डबीत ठेवला खरा, पण तिची डबी त्या रात्री फ्रीजमध्ये गेली नाही. आईच्या कपाटात गेली. आबांवर तिने एकदम भरवसा टाकला नाही, आणि यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पुढे तिने डबीत एक चॉकलेटची गोळी घालून ती आबांच्या उशाशी ठेवली. सकाळी झाकण उघडून पाहिलं. मग दोन गोळ्या. मग चिक्कीचा तुकडा, त्याच्या कडेला पेन्सिलीने डबीवर खूण करून, म्हणजे कुरतडला तर कळावा. साडेआठ एचबीए१सीच्या माणसाच्या उशाशी चिक्की! आजी म्हणाल्या, हा तर शुद्ध वेडेपणा आहे. पण त्यांनी डबी हलवली नाही.

पहिल्या रात्री आबांना झोप आली नाही, हे सांगायलाच नको. डबी हातात घेतली, हलवली, आत गोळीचा आवाज झाला. आणि मग त्यांना गंमत वाटली. गोळी आत होती. उद्या सकाळीही असणार होती, कारण खाणारा आणि राखणारा आता एकच माणूस होता. अशी खात्री त्यांना उभ्या आयुष्यात कुणी दिलेली नव्हती, आणि स्वतःची स्वतःला देता येते हेही ठाऊक नव्हतं.

काही दिवसांनी जेवताना त्यांनी अर्धी भाकरी फडक्यात गुंडाळली. आजींनी विचारलं, ‘बरं नाही का?’

‘सकाळी खाईन.’

सकाळी भाकरी होती तिथेच होती. दह्याबरोबर त्यांनी ती खाल्ली. नंतर आजींनी कपाटाचं कुलूप काढलं. कुणाला काही न बोलता काढलं, आणि दोन दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. आबांनी पहिल्या आठवड्यात उघड्या डब्यातले लाडू जरा जास्तच खाल्ले. मग कमी झाले. डबा उद्याही उघडाच असेल म्हटल्यावर आजच रिकामा करायची निकड राहिली नाही. सहा महिन्यांनी आकडा साडेसातवर आला. डॉक्टर म्हणाले, अजून खाली हवा, गोळ्या चालूच राहतील. दुधाची खरवड आबांनी सोडली नाही ती नाहीच. मनू मात्र पुन्हा पेढा मोडू लागली. तरी फ्रीज उघडताना आधी खळग्याकडे नजर टाकण्याची सवय तिला जी लागली, ती लागलीच.

या उन्हाळ्यात भावकीतलं लग्न होतं, म्हसवडला. मांडवात पंगत बसली, जिलबी आली. माणदेशात आग्रह म्हणजे काय हे जेवलेल्यालाच ठाऊक. आबांच्या पानात आधीच दोन वेढे पडलेले. त्यांतला एक संपला होता, दुसरा अर्धा. वाढपी पोरगा परात घेऊन पुन्हा समोर.

‘घ्या की, आबा.’

‘आता बास. संध्याकाळी बघू.’

पोरगा हसला. ‘संध्याकाळपतूर काय उरतंय व्हय? दोन पंगती बाकी हायत.’

‘नाही उरली तर नाही उरली,’ आबा म्हणाले. ‘मठ्ठा आण जा.’