सात ग्रॅमचा तुकडा

अमली पदार्थ बाळगल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस अपिलात सुटला की मोहल्ल्यात एकच वाक्य ऐकू येते : वकील चांगला मिळाला. वर्तमानपत्र थोडे सभ्य असते. ते 'तांत्रिक मुद्द्यावर सुटका' असे छापते. अर्थ दोन्हींचा एकच, गुन्हा तर त्याने केलाच होता.

मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ १९८१ पासून आपल्या शहरात आहे. मराठवाड्यापासून नंदुरबारपर्यंतची अशी अपिले जालना रोडवर येतात. अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा उभा राहत नाही. न्यायाधीशांपुढे असतात ते कागद : पंचनामा, मुद्देमालाची नोंद, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. खिशातून निघाली तीच पुडी सीलबंद झाली का, तीच प्रयोगशाळेत पोचली का, एवढे पाहायचे असते. याला आपण तांत्रिक म्हणतो. पण त्या पुडीला त्या माणसाशी जोडणारे दुसरे काय असते?

गोव्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली दिलेला निकाल मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. एका जर्मन नागरिकाकडे दोन तुकडे सापडले होते, एक सात ग्रॅमचा आणि एक पाच ग्रॅमचा. चरस म्हणून त्याला दहा वर्षांची सजा झाली. पण प्रयोगशाळेत एकच तुकडा गेला होता आणि त्याचे वजन पाच ग्रॅमहून कमी भरले. त्या काळी चरसची पाच ग्रॅमपर्यंतची मात्रा स्वतःच्या सेवनासाठी असेल तर शिक्षा फार कमी होती. न्यायालयाने दुसरा तुकडाही चरसच असेल असे गृहीत धरायला नकार दिला. दहा वर्षांची सजा काही महिन्यांवर आली.

दुसरा तुकडाही चरसच असणार, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटते. पण तो तपासायला सरकारला किती कष्ट पडले असते? ते सरकारने घेतले नाहीत, आणि त्याची किंमत आरोपीने वर्षांमध्ये मोजावी, हे कोणत्या न्यायात बसते?

हा प्रश्न याच कायद्यात अधिक टोचतो, कारण १९८५ च्या या कायद्याने तराजू आधीच झुकवून ठेवला आहे. माल ताब्यात होता हे सिद्ध झाले की तो जाणूनबुजून बाळगला असे मानले जाते. मला ठाऊक नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे, आणि तेही निःसंशय. २००८ च्या नूर आगा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कलमे कायम ठेवली, पण आधी मूळ वस्तुस्थिती सरकारने निःसंशय सिद्ध केली पाहिजे, असे बजावले. अमृतसरच्या विमानतळावर १९९७ साली १ किलो ४०० ग्रॅम हेरॉइनसह पकडला गेल्याचा आरोप असलेला तो अफगाण माणूस सुटला. शिक्षा जितकी कडक तितका पुरावा चोख हवा, हे साधे तत्त्व त्यामागे आहे.

यावर कुणी म्हणेल, 'बटन'च्या गोळ्यांनी ज्या आईचा मुलगा हातचा गेला, तिला हे सांगून बघा. तिचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. गोळ्या कोण विकतो हे गल्लीला माहीत असते, पंच मात्र कोर्टात फितूर होतात. पण गल्लीला माहीत असते त्यात गल्लीचे वैरही मिसळलेले असते. आणि तिचा मुलगाच उद्या कुणाची पिशवी हातात असताना पकडला गेला, तर तीच आई कोर्टाला पंचनामा पुन्हा वाचायला सांगेल.

मला खरी भीती दुसरीच वाटते. अशा निकालांतून पोलीस नेटका पंचनामा लिहायला शिकतात. नेटका कागद खरा असतोच असे नाही. पुरावा पुरेसा ठरलेला निरपराध माणूसही तुरुंगात असू शकतो, आणि त्याला 'तांत्रिक मुद्द्यावर अडकला' असे कुणी म्हणत नाही.

सुटून आलेल्याच्या हातात निकालाची प्रत असते. तीत 'संशयाचा फायदा' असे शब्द असतात. घरमालक ते वाचतो, मुलीचे स्थळ बघायला आलेले वाचतात. न्यायालयाने त्याला निष्पापपणाचे प्रमाणपत्र दिलेले नसते, पण ते तुमच्याआमच्यापैकी कुणाकडे असते? आपल्याला ते कुणी मागत नाही, इतकेच.