पिन घातली की परभणी बंद

जुन्या गाडीत कंपनीनंच बसवून दिलेला टेप असला, की त्याला मोबाइल जोडायचं काम वरून दिसतं तेवढं सरळ नसतं. बाजारातला चौकोनी डेक आणून त्या जागी बसवता येत नाही, कारण कंपनीनं आपला टेप डॅशबोर्डच्या वळणातच घडवलेला असतो. मग तोच खोलावा लागतो. अंबाजोगाईत माझं ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. सेल्फ, डायनामो, लाइटचं काम रोजचंच. पण टेप उघडायचा म्हटलं की आजही मी हातातलं बाकीचं बाजूला ठेवतो.

कॅसेटच्या हेडवरून येणारा आवाज अगदी क्षीण असतो. आतलं एक सर्किट त्याला वाढवतं, मग तो व्हॉल्यूमकडे जातो. मोबाइलचा आवाज हेडच्या जागी दिला तर फाटतो, चिरकतो. वाढवलेला आवाज जिथून व्हॉल्यूमकडे निघतो, नेमकं तिथं शिरायचं. डावी, उजवी आणि अर्थ अशा तीन वायरी, त्याही शिल्डच्या. नाहीतर आल्टरनेटरची शिट्टी गाण्यात घुसते आणि रेस दिली की चढत जाते. काही डेक असे असतात, की आत कॅसेट फिरत असल्याशिवाय ती वाट उघडतच नाहीत. त्यांच्यासाठी गिऱ्हाइकाला कोरी कॅसेट घालून ठेवायला सांगतो. ती मुकाट फिरत राहते आणि तिच्या वाटेनं मोबाइल वाजतो.

शेवटी सॉकेट. त्यात पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. पिन नसते तेव्हा त्या एकमेकींना टेकून असतात आणि रेडिओ त्यांच्यातूनच पुढे जातो. पिन आत गेली की पट्टी उचलली जाते, रेडिओ तुटतो, मोबाइल लागतो. सगळे असाच सॉकेट बसवतात, मीही बसवतो. त्यावर कोणी कधी काही बोललं नव्हतं. बोलले ते धारूर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी.

त्यांच्या मोबाइलमध्ये नातवानं बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ भरून दिला होता. काम झालं, पिन घातली, हरिपाठ स्वच्छ लागला. गुरुजी ऐकत राहिले. मग म्हणाले, “आन परभणी काहून बंद झाली?” त्यांच्या गाडीचा रेडिओ कायम मिडियम वेव्हला, आकाशवाणी परभणीवर लावलेला. मी सांगितलं, गुरुजी, पिन घातली की परभणी बंद, पिन काढली की चालू. ते म्हणाले, “मग ही पिन मी कधीच काढणार नाही. तीच तर भीती आहे. हरिपाठ मला पाठ आहे बाबा. मला जे ठाऊक नाही ते आता कुठून यायचं?”

त्यांना लगेच काही उत्तर देता आलं नाही, पण तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद नऊ प्रकारची भक्ती सांगतो, त्यात श्रवण पहिलं. का पहिलं? माझे वडील सप्त्यात टाळकरी म्हणून उभे राहायचे. ते म्हणत, बाकीच्या आठांत आपण काहीतरी करतो, ऐकताना मात्र दुसऱ्याला करू देतो. त्यांचं हे म्हणणं मला अजून पुरून उरलंय. ऐकणं म्हणजे बोलणाऱ्याच्या हाती थोडा वेळ आपला कान देऊन टाकणं. मग पुढचं वाक्य काय यावं हे ऐकणाराच ठरवायला लागला, तर ते श्रवण राहतं का?

समर्थ रामदासांचं जांब गोदावरीच्या पलीकडे, जालना जिल्ह्यात. आमच्याकडच्या माणसाला ते परके नाहीत. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास श्रवणभक्तीचा आहे. देवाच्या कथा ऐका, एवढं सांगून समर्थ थांबतील असं वाटतं, पण त्यांची यादी संपता संपत नाही. कर्ममार्ग ऐका, ज्ञानमार्ग ऐका, योग ऐका. पिंडाची रचना, सृष्टीची रचना, भूगोल, चंद्र-सूर्य-तारे, राग आणि ताल, सगळं ऐका. आणि मग शेवटाला, यातलं सार घ्या, असार टाका. मला या समासात क्रम महत्त्वाचा वाटतो. निवड आहे, समर्थांनी ती नाकारलेली नाही, उलट तिला श्रवणाचाच भाग केलंय. पण ती ऐकून झाल्यावरची आहे. आपला मोबाइल ती ऐकण्याआधी करून टाकतो. जे कानावर पडलंच नाही, त्यातलं सार कोण काढणार?

भागवताचा सप्ताह बसवतात तोही असाच ऐकण्यासाठी, परीक्षितावरून. तक्षक सातव्या दिवशी डसणार हे कळल्यावर तो गंगेकाठी बसला आणि शुकानं त्याला भागवत सांगितलं. ऐकायला बसण्याचा निर्णय परीक्षिताचा होता, आणि तो मुका बसला नव्हता, सारखे प्रश्न विचारत होता. पण उत्तर काय यावं हे त्याच्या हाती नव्हतं. आमच्या गावाकडच्या अखंड हरिनाम सप्त्यातही तेच होतं. रात्रीच्या कीर्तनाला माणूस ताडपत्रीवर बसतो. अभंग महाराज निवडतात. निरूपण कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो. नामाच्या महिम्यावरून बोलता बोलता महाराज हुंड्यावर येतात, दारूवर येतात, पोरीची शाळा बंद करून तिला ऊसतोडीच्या फडावर नेणाऱ्या बापावर येतात. असा एक बाप एकदा माझ्या शेजारी बसला होता. मान खाली घालून त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. तेच कीर्तन त्याच्या मोबाइलवर लागलं असतं, तर त्या ठिकाणी अंगठा पुढे सरकला असता. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचे भगवानबाबा कीर्तनातून शिक्षणाचा आग्रह धरत राहिले. त्यांच्यापुढे बसलेल्या कितीजणांनी तो विषय स्वतःहून मागितला असता?

वायरमधून आलेलं नाम खरं की खोटं, हा प्रश्नही मला लोक विचारतात. त्यात मला फारसा दम वाटत नाही. आमच्याच गावच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात वेदान्ताचं पंचीकरण कापडाच्या लांबलचक पासोडीवर लिहिलं. कापड पोथीचं नाही म्हणून त्यातला विचार उणा ठरला नाही. त्याच्या कितीतरी आधी, 1188 साली, मुकुंदराजांनी विवेकसिंधू मराठीत रचला, तेव्हा तीही एक नवी वाटच होती. त्यांची समाधी इथून जवळ आहे, बालाघाटाच्या कड्याखाली. पिन, कॅसेट, कापड यांच्यात पावित्र्य शोधत बसू नये.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती गुरुजींच्या नव्हे, माझ्याच बाजूच्या विरुद्ध जाते. दुसऱ्याच्या हाती कान द्यावा, हे म्हणायला सोपं आहे. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त ऐकवलंच गेलं, त्यांचं काय? चोखोबा देवळाबाहेर राहिले. पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावं लागलं. अशा माणसाच्या हातात पहिल्यांदा कॅसेट आली तेव्हा काय झालं, हे मी दुकानात पाहिलंय. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज. एका कॅसेटमध्ये विठ्ठल, दुसरीत भीमगीतं. एका जीपवाल्यानं माझ्याकडे टेप बसवून घेतला आणि पहिली कॅसेट लावली ती भीमगीतांची, आवाज पूर्ण सोडून, भर बाजारात. त्याला कोण म्हणणार, बाबा, आधी सगळ्यांचं ऐक आणि मग निवड? त्याच्या घरानं सगळ्यांचं ऐकूनच घेतलं होतं. त्याचं ते निवडणं हीच त्या घरातली पहिली बोलण्याची पाळी होती.

बायकांचंही तसंच. कीर्तनात सुनांना, लेकींना टाकून बोलणारे महाराजही असतात आणि मंडपातल्या बायका ते हसण्यावारी नेत बसून राहतात. माझ्या बायकोनं एकदा मधेच उठून घर गाठलं. मी चिडलो नाही, ती बरोबरच होती. अपमान ऐकत राहणं म्हणजे श्रवणभक्ती, असं मी कधीही म्हणणार नाही.

तेव्हा मी आता एवढंच म्हणतो, की हा प्रश्न प्रत्येकाला सारखा लागू पडत नाही. ज्याचं आजवर कोणी ऐकलं नाही, त्यानं आपल्या आवडीचं लावावं आणि मोठ्यानं लावावं. ज्याचं सगळ्यांनी ऐकलंय, ज्याच्या शब्दावर घर, वर्ग, गाव चालतं, त्यानं मात्र एक वाट उघडी ठेवली पाहिजे, जिच्यावर त्याचा अंगठा चालत नाही. गुरुजींनी पस्तीसएक वर्षं वर्गात दुसऱ्यांना ऐकवलं होतं. त्यांना हे कुणी शिकवायची गरज पडली नाही, यातच त्यांचं मोठेपण.

त्यांचा डेक मी पुन्हा उघडला. पट्ट्यांचा सॉकेट काढून साधा बसवला आणि रेडिओच्या दोन व मोबाइलच्या दोन, अशा चारी वायरींना रेझिस्टन्स घालून दोन्ही आवाज व्हॉल्यूमच्या आधी एकत्र केले. असं केलं की कोणी कोणाला तोडत नाही. फक्त दोघांचाही आवाज थोडा उतरतो, ते टाळता येत नाही. गुरुजींना तसं आधीच सांगितलं. ते म्हणाले, उतरू दे. हरिपाठ चालू होता आणि त्याच्याखाली परभणीवर कुणीतरी कापसावरच्या बोंडअळीचं सांगत होतं. दोन्ही एकत्र नीट कळणं अवघडच होतं. पण मधेच गुरुजींनी मोबाइल थांबवला आणि बोंडअळीचं पूर्ण ऐकलं. शेती त्यांच्या धाकट्या भावाकडे आहे, स्वतःचं एक बोंडही नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, दुसरा आवाज तोडायचा की ठेवायचा? बहुतेक जण तोडाच म्हणतात आणि मी तसंच करून देतो. पैसे त्यांचे, गाडी त्यांची. पण दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात, तेव्हा या प्रश्नाचं आणखी एक टोक पुढे येतं. ट्रॅक्टरवाले मोठमोठे बॉक्स लावून घेतात. पिन ड्रायव्हरच्या मोबाइलची. मागे ट्रॉलीत भांडीकुंडी, लेकरं, म्हातारी माणसं आणि कोयत्याला निघालेल्या बायका. सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यापर्यंत रात्रभर ते ऐकतात ते ड्रायव्हरनं निवडलेलं. एकाची निवड आणि बाकी सगळ्यांचं नुसतं ऐकून घेणं. समर्थांचा समास काय, परीक्षित काय, या ट्रॉलीत आल्यावर मला नव्यानं वाचावा लागतो. कारण इथं ऐकणाऱ्याला बसायचं की उठायचं एवढंही ठरवता येत नाही.

म्हणून मी ट्रॅक्टरवाल्यांना सांगतो, शिल्डची वायर मागे ओढून ट्रॉलीपाशी दुसरा सॉकेट काढून देतो, मजुरी घेणार नाही. लांब वायरीत थोडी घरघर येते, पण चालतं. पुष्कळ जण हसून निघून जातात. वडवणीकडच्या एकानं बसवून घेतला. चैतात परत आला तेव्हा तक्रार घेऊनच आला, की मागे कुणाचा फोन लावायचा यावरून बाया भांडतात, त्यापेक्षा हे काढूनच टाका. मी विचारलं, भांडून शेवटी लागतं काय? म्हणाला, काय सांगू, एक जात्यावरच्या ओव्या लावते, एक पोराच्या शाळेतलं भाषण लावते, त्या पोराचा भाषणात नंबर आला होता म्हणे, आमाला सगळ्यांना पाठ झालं ते. मग म्हणाला, राहू द्या, फक्त घरघर तेवढी कमी करा. अर्थ बदलून दिला. झाली कमी.