आधी माना, मग होईल (गीता ९.३०-३१)



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक ३० आणि ३१.

थोडक्यात भावार्थ असा. भगवंत अर्जुनाला सांगतात, माणूस कितीही वाईट वागलेला असो, तो जर मनात दुसरं काही न ठेवता मला भजू लागला, तर त्याला साधूच मानावं. कारण त्याचा निश्चय आता योग्य ठिकाणी ठरलाय. असा माणूस लवकरच धर्मात्मा होतो, त्याला कायमची शांती मिळते. आणि अर्जुना, हे तू ठामपणे सगळ्यांना सांग, की माझा भक्त नाश पावत नाही.

हे दोन्ही श्लोक मला पाठ आहेत. पण गेल्या शनिवारी त्यांनी मला चांगलंच अडचणीत टाकलं.

आपलं शनिवारचं गीतावाचन संपलं, आरती झाली, सगळे पांगले. एक मुलगा सतरंज्या गोळा करत मागे थांबला. सात-आठ महिने नियमित येतोय. वय सत्तावीस. सध्या डिलिव्हरीची कामं करतो. नाव लिहीत नाही. म्हणाला, "दादा, एक विचारू? नोकरीचा फॉर्म भरायचाय." मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर प्रश्न होता: तुम्हाला कधी न्यायालयाने दोषी ठरवलं आहे का? हो किंवा नाही.

मी सहज म्हणालो, "नाही कर ना." तो काही बोलला नाही. मग मला समजलं.

विसाव्या वर्षी मारामारी झाली होती. याने समोरच्याच्या डोक्यात काठी घातली, त्याला टाके पडले. केस चालली, गुन्हा सिद्ध झाला. पहिलाच गुन्हा आणि वय पाहून कोर्टाने तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, जखमीला भरपाई द्यायला लावली. "त्यानंतर दोन नोकऱ्या गेल्या, दादा. एका ठिकाणी खरं लिहिलं, तर पुढचा फोनच आला नाही. दुसरीकडे नाही लिहिलं, तर व्हेरिफिकेशनमध्ये सापडलं आणि एकोणिसाव्या दिवशी बाहेर काढलं. आता तुम्हीच सांगा, काय लिहू?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. तुम्हाला वाटेल मी विचार करत होतो. खरं सांगतो, मला माझंच आठवत होतं. चार वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसात मी एका जागेसाठी मुलाखती घेत होतो. सगळ्यांत चांगला उमेदवार जो होता, त्याने फॉर्मवर स्वतःहून 'हो' लिहिलं होतं. जुनी केस, शिक्षा भोगून झालेली. एचआरने विचारलं, "तुमचं काय मत?" मी म्हणालो, "रिस्क नको." संपूर्ण चर्चा एवढीच. आणि त्याच संध्याकाळी मी कीर्तनाला गेलो होतो. वाल्याचा वाल्मीकी झाला हे ऐकून डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं.

वाल्मीकी आपल्या सगळ्यांना आवडतात. पण वाटमारी सोडलेला, अजून ऋषी न झालेला वाल्या आपल्या दारात अर्ज घेऊन आला, तर आपण काय करतो? मी काय केलं ते सांगितलं.

त्या रात्री घरी येऊन मी हे श्लोक पुन्हा उघडले. या वेळी एका शब्दापाशी अडकलो: मन्तव्यः. म्हणजे 'मानावा'. भगवंत 'तो साधू आहे' एवढंच म्हणून थांबत नाहीत. 'साधू मानावा' म्हणतात. मानायचं कोणी? भगवंताला तर त्याचं मन आधीच माहीत आहे. ही आज्ञा बघणाऱ्याला आहे. तुम्हाला, मला, मुलाखत घेणाऱ्याला, घर भाड्याने देणाऱ्याला.

आता क्रम बघा. तिसाव्या श्लोकात 'साधू मानावा' येतं आणि 'धर्मात्मा होतो' हे येतं एकतिसाव्यात. आधी मानायचं, मग तो होतो. आपण नेमकं उलटं करतो. आधी सुधारून दाखव, मग विश्वास ठेवू. पण कामच मिळालं नाही, तर त्याने सुधारून दाखवायचं कुठे? ज्याला वेळेवर पगार नाही, त्याला जुन्या संगतीतून कोणाचाही फोन आला की तो ओढला जाण्याची भीती असतेच.

हा क्रम आपल्याच मातीत कुणीतरी खरा करून पाहिला आहे. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७चा सिनेमा अनेकांनी पाहिला असेल. एक जेलर खुनाच्या सहा कैद्यांना उघड्या माळरानावर शेती करायला घेऊन जातो. त्या कथेमागे औंध संस्थानातला खरा प्रयोग होता, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा. तिथे कैद्यांना भिंतींच्या आत न कोंडता मोकळ्या वसाहतीत ठेवून शेती करायला दिली. आधी विश्वास टाकला, मग माणसं त्या विश्वासाला जागू लागली. मन्तव्यः म्हणजे हेच ना!

कुणी म्हणेल, दादा, हे फारच सोपं करताय. ज्याला टाके पडले त्याचं काय? अगदी बरोबर प्रश्न आहे. भक्ती म्हणजे केलेलं पुसून टाकायचा खोडरबर नाही. श्लोकात अट आहे, निश्चय बदललेला हवा. मी त्या मुलाला हे विचारलं. तो म्हणाला, "मी माफी मागायला गेलो होतो. त्याने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, पण आत बोलावलं नाही. ठीक आहे, दादा. तो त्याचा हक्क आहे." मला वाटतं, निश्चय बदललेला माणूस असाच बोलतो. समोरच्याने माफ करावं असा हट्ट नाही, आणि स्वतःची चूक लहान करून सांगणंही नाही.

मग फॉर्मचं काय? मी त्याला सांगितलं, 'हो' लिही. भक्तीची सुरुवात खोट्याने करायची नाही, हे एक कारण. दुसरं कारण व्यवहाराचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात, नोकरीच्या पडताळणीत माहिती लपवण्याच्या प्रश्नावर, स्पष्ट केलं की माहिती खरीच द्यायला हवी. प्रकरण किरकोळ असेल तर नोकरी देणारा ते माफ करू शकतो. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यावीच लागते असं मात्र नाही, हेही त्यातच आहे. म्हणजे खरं बोलण्याची किंमत मोजावी लागू शकते. हे मी त्याच्यापासून लपवलं नाही.

तुमच्यापैकी कुणी या जागी असाल, तर थोडं कामाचं:

- प्रश्न नीट वाचा. अटक, चालू असलेली केस आणि सिद्ध झालेला गुन्हा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या.
- १९५८च्या परिवीक्षा कायद्याखाली बंधपत्रावर किंवा समज देऊन सोडलं असेल, तर कलम १२ वकिलाला दाखवा. दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता त्याखाली लागू होत नाही. पण दोषी ठरवल्याची नोंद त्याने नाहीशी होत नाही, म्हणून 'नाही' लिहू नका.
- निकालाची प्रत जवळ ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा; पात्र असाल तर मदत मोफत मिळते.
- तीन-चार ओळीच लिहा. काय घडलं, कोर्टाने काय केलं, त्यानंतर तुम्ही काय करत आलात. रडगाणं नको, सफाई नको.

आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्यांनो (त्यात मीही आलो), डोळे मिटून विश्वास ठेवा असं गीता सांगत नाही. पैशांची अफरातफर केलेल्याला पहिल्याच दिवशी गल्ल्यावर बसवायची गरज नाही. पण तीन गोष्टी तरी विचारा: गुन्ह्याचा या कामाशी काही संबंध आहे का? किती वर्षं झाली? तेव्हापासून हा माणूस कसा राहिलाय? मी यातलं एकही विचारलं नव्हतं. 'रिस्क नको' म्हणालो आणि चहा प्यायला गेलो.

त्या उमेदवाराचा नंबर आता माझ्याकडे नाही. त्याची माफी मागायची राहूनच गेली. सोमवारी मात्र एचआरला भेटलो आणि म्हटलं, यापुढे असा अर्ज आला तर नाकारण्याआधी मला दाखवा, मी त्या माणसाशी स्वतः बोलेन.

आणि आपला मुलगा? त्याने 'हो' लिहिलं, खाली चार ओळी लिहिल्या, आणि माझ्यासमोरच फॉर्म पाठवला. बोट थरथरत होतं. आज सकाळपर्यंत तरी उत्तर आलेलं नाही. हे उत्तर 'नाही' असलं, तरी शनिवारी सतरंज्या घालायला तो येणार आहे, असं म्हणालाय. आपण त्याला काय मानतो, हे त्याला आपल्या वागण्यातून कळलं पाहिजे.

आजचा संकल्प: तुमच्या ओळखीत असा एक तरी माणूस असेल, ज्याला तुम्ही एका जुन्या चुकीच्या नावानेच ओळखता. आज त्याला एक फोन करा. सल्ला नको, चौकशी नको. फक्त विचारा, "कसा आहेस?"

आजची प्रार्थना: हे माधवा, माझ्या चुकांची यादी तुझ्याकडे पूर्ण आहे, तरी तू मला रोज सकाळी नव्याने उठवतोस. तीच नजर मलाही दे. आणि जो आज खरं लिहून उत्तराची वाट बघतोय, त्याचा धीर सुटू देऊ नकोस.

जय हरी! उद्या भेटू, श्लोक ३२ सोबत.