पुठ्ठ्याचं मोल

जून २०२१ मध्ये अमेरिकेत पुठ्ठ्याचा एक तुकडा एकतीस लाख डॉलरला विकला गेला. तेव्हाच्या भावानं आपले बावीस-तेवीस कोटी रुपये झाले. तुकडा केवढा? अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. पत्त्यांच्या कॅटातलं एक पान धरा. त्यावर टॉम ब्रेडी नावाच्या खेळाडूचा फोटो आणि त्याची सही. अशी क्रमांक घातलेली सहीची कार्डं कंपनीनं फक्त शंभर काढली होती.

हे ऐकलं की आपल्या तोंडून पहिल्यांदा काय निघतं? ‘पैसा जास्त झालाय लोकांना.’ असेलही. पण एवढं बोलून पदर झटकून उठता येत नाही. वस्तूला मोल येतं कुठून, आणि ते आलं की धरून बसणाऱ्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न अमेरिकेत सुरू झाला तरी आपल्या घरातल्या कपाटापर्यंत येतो.

आधी हा माणूस कोण ते सांगते. तिकडचा फुटबॉल आपल्यासारखा पायानं खेळायचा नव्हे. चेंडू लांबट, खेळाडूंच्या डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर गाद्या बांधलेल्या. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा कारभारी. समोरून धिप्पाड माणसं अंगावर येत असताना चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. २००० साली व्यावसायिक संघांनी कॉलेजातली पोरं निवडली, तेव्हा १९८ नावं पुकारून झाल्यावर ब्रेडीचं नाव आलं. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक घेतले गेले होते. लग्नाच्या पंगतीत शेवटी उरलेल्या पाटावर बसवावं, तसं त्याला बसवलं. पुढं त्यानं सुपर बोल नावाचं सगळ्यात मोठं अजिंक्यपद सात वेळा जिंकलं. सहा वेळा न्यू इंग्लंडकडून आणि सातव्यांदा, वयाच्या ४३ व्या वर्षी, टॅम्पा बे संघाकडून.

ते महागडं कार्ड २००० सालचंच, म्हणजे त्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हाचं. पुढची वीस-बावीस वर्षं घाम गाळला तो ब्रेडीनं. हाडं त्याची मोडली, पहाटे तो उठला. कार्ड बिचारं कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडून होतं, आणि ज्याच्या ड्रॉवरमध्ये होतं त्यानंही काही केलं नाही, फक्त ते फेकलं नाही. मग एकतीस लाख डॉलर कशाचे? २०२१ सालीच, जूनच्या आधी, याच छपाईतली कार्डं एकदा तेरा लाखांवर आणि एकदा साडेबावीस लाखांना गेली होती. त्या काही महिन्यांत ना शाई बदलली, ना पुठ्ठा. बदलली ती घेणाऱ्यांची ओढ.

याहून स्पष्ट दाखला ब्रेडीच्याच एका चेंडूचा आहे. १ फेब्रुवारी २०२२ ला त्यानं निवृत्ती जाहीर केली. त्याच्या अखेरच्या सामन्यात त्यानं ज्या चेंडूवर शेवटचा टचडाऊन मिळवून दिला, तो प्रेक्षकांत गेला होता. त्या चेंडूचा लिलाव झाला आणि १२ मार्चला तो पाच लाख अठरा हजार डॉलरवर गेला. दुसऱ्या दिवशी, १३ मार्चला, ब्रेडी म्हणाला, ‘मी परत खेळणार.’ झालं! चेंडू तोच, त्याचं चामडं तेच, शिवण तीच. फक्त ‘शेवटचा’ हा शब्द रात्रीत गळून पडला. तो व्यवहार पुढं रद्दच करावा लागला. पाच लाख डॉलर चेंडूत असते तर ते एका रात्रीत गेले कुठं? ते चेंडूत नव्हतेच, माणसांच्या मनातल्या एका शब्दात होते.

आता या कार्डांच्या जगातली एक गोष्ट खास आपल्यासाठी. अमेरिकेतल्या म्हाताऱ्या पुरुषांचं एक ठरलेलं रडगाणं आहे: ‘माझ्याकडे लहानपणी खोकं भरून कार्डं होती, आईनं टाकून दिली. नाहीतर आज मी लक्षाधीश असतो.’ पोरगा कॉलेजला गेला, आईनं खोली झाडली, खोकं गेलं. दोष आईचा! घर आवरणाऱ्या बाईवर अशी नालस्ती येणं आपल्याला काही नवं नाही. पण हिशोब नीट मांडून बघा. त्या आयांनी कार्डं टाकली म्हणून तर उरलेली दुर्मिळ झाली. मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचं १९५२ सालचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये सव्वा कोटी डॉलरच्या वर गेलं. त्या मालिकेतली न खपलेली खोकी टॉप्स कंपनीनं १९६० च्या सुमारास नावेतून नेऊन समुद्रात टाकली, ही हकीकत कंपनीच्याच सी बर्जर यांनी सांगितलेली आहे. आयांनी कचऱ्यात टाकलं, कंपनीनं समुद्रात टाकलं, तेव्हा कुठं उरलेल्याला भाव आला.

याची उलट बाजूही तिथंच घडली. १९८० नंतरच्या दशकात लोकांना कळलं की जुन्या कार्डांना पैसा मिळतो. मग कुणीच काही टाकेना. आयाही शहाण्या झाल्या. कंपन्यांनी गठ्ठ्यांनी छापलं, घराघरांत माळे भरले, सगळ्यांनी जपून ठेवलं. परिणाम काय, तर त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज रद्दीचा भाव नाही. सगळ्यांकडे आहे, म्हणून कुणाकडेच काही नाही.

हे वाचून मी जरा वेळ गप्प बसले. मोल, मोल म्हणून आपण ज्याला म्हणतो त्यातला मोठा वाटा ‘माझ्याकडे आहे’ याचा नसतो, ‘तुझ्याकडे नाही’ याचा असतो. शंभर कार्डांपैकी एखादं जळालं, तर उरलेल्या नव्याण्णव घरांत मनातल्या मनात का होईना, बरं वाटत असेल. दुसऱ्याच्या नुकसानीनं आपल्याला बरं वाटायला लावणारी संपत्ती घरात ठेवायची, तर तिच्यावर नजर ठेवायला हवी.

दुसरी गोष्ट कार्डाच्या प्रतीची. कार्डं तपासून त्यांना एक ते दहा गुण देणाऱ्या कंपन्या तिकडं आहेत. चार गोष्टी बघतात: चित्र मधोमध छापलंय का, कोपरे टोकदार आहेत का, कडा साफ आहेत का, वर ओरखडा आहे का. मग कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून देतात. २०२१ च्या मार्चमध्ये त्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीकडे कार्डांचा इतका ढीग साचला की बरंचसं नवं काम घेणं थांबवावं लागलं. दहाला दहा कुणाला? ज्याला कुणी हात लावला नाही त्याला. ज्या पोरानं ते खिशात घातलं, मित्राला दाखवलं, उशाखाली घेऊन झोपला, त्याच्या कार्डाला दोन गुण. म्हणजे ज्याच्यावर जीव लावला ते हलकं, आणि ज्याच्याकडे कुणी बघितलंही नाही ते भारी!

हसू नका. आपल्या ट्रंकेत काय आहे? लग्नातला शालू. वर्षातून एकदा उन्हं दाखवायची आणि पुन्हा डांबरगोळ्या घालून ठेवायचा. ‘खराब होईल’ म्हणून नेसायचा नाही. वीस वर्षांनी नातीसाठी उघडावा, तर घडीवरच जर तुटलेली. शालू बिचारा न नेसल्यानं विरतो. तो नेसलात तर नेसण्याचं सुख तरी पदरात पडतं. चांदीच्या ताटांचं तेच, पाहुण्यांच्या कपांचं तेच.

भाचीचा मुलगा बोस्टनजवळ वाढला. मागं सुट्टीला ती सगळी बेळगावला आली तेव्हा त्यानं कार्डांचा अल्बम आणला होता. त्यात ब्रेडीची दोन कार्डं. एक डबीतलं, चकचकीत. मी हात पुढं केला तर म्हणाला, ‘‘आज्जी, ते पप्पांचं हं. त्याला हात लावायचा नाही, किंमत जाते.’’ दुसऱ्याचे दोन कोपरे दुमडलेले.

‘‘आणि ह्याची किंमत काय रे?’’

‘‘झीरो, आज्जी. पण पप्पांबरोबर पहिल्यांदा मॅच बघायला गेलो ना, तेव्हा माझ्या खिशात होतं. हे मी देणार नाही कुणाला.’’

पोर सहज बोलून गेलं. कुंदा खात पुढच्या पानाकडे वळलंसुद्धा. पण एका पानावर, एकाच माणसाची दोन चित्रं, आणि त्यांतल्या दोन मोलांचा एकमेकांशी काही संबंध नाही!

इथं आपल्या शास्त्राकडे वळावंसं वाटतं. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे काय हे सांगताना उमास्वामींनी वस्तूची यादी धरलेली नाही, मूर्च्छा हा शब्द धरला आहे. रोजच्या मराठीत मूर्च्छा येणं म्हणजे शुद्ध जाणं. वस्तूपायी माणसाचं भान हरपतं तो परिग्रह. आपल्या आचार्यांनी बाहेरचे परिग्रह दहा सांगितले आणि आतले चौदा, यातच सगळं आलं. शेत, घर, सोनं, चांदी, धान्य, भांडी-कपडे यांना मर्यादा घालता येते, वहीत लिहिता येते. कार्डाला त्यात वेगळा रकाना नाही. पण लोभ, भय, शोक हे आतले रकाने मात्र त्यानं बरोबर भरले जातात.

आणि ते कसे भरले जातात हेही दिसलं आहे. मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली, एकानं पिस्तूल काढलं. टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीनं त्यानंतर काही काळ दुकानांतून कार्डं विकणंच बंद केलं. त्याआधी २०१३ मध्ये लिलावाच्या धंद्यातल्या एका बड्या माणसानं कोर्टापुढं कबूल केलं होतं, की जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या जुन्या बेसबॉल कार्डाच्या कडा त्यानं कातरल्या होत्या, टोकदार दिसाव्यात म्हणून. ते कार्ड त्याआधी लाखो डॉलरला हातोहात फिरलं होतं. पुठ्ठ्यासाठी पिस्तूल आणि पुठ्ठ्यासाठी कात्री, याला मूर्च्छा नाही तर काय म्हणायचं?

कुणी म्हणेल, ‘अहो, ही गुंतवणूक आहे. आपण सोनं घेतो तसं ते कार्ड घेतात.’ हे मी उडवून लावणार नाही. सोन्याचा भाव तरी शेवटी माणसांच्या मागणीवरच चालतो. पण अडचणीच्या रात्री पाटली गहाण टाकून दवाखान्याचं बिल भरता येतं, ती मोडून नातीच्या कुड्या होतात. कार्डाला पुढचा हौशी माणूस भेटला तरच पैसा. २०२१ च्या त्या उन्हाळ्यानंतर हा बाजार बराच खाली आला, तेव्हा उशिरा आलेल्यांच्या हातात पुठ्ठाच राहिला.

म्हणून संग्रह करूच नये का? असं मला म्हणवत नाही. आपण श्रावक-श्राविका आहोत, मुनी नव्हे. गृहस्थाला सगळं सोडायला सांगितलेलं नाही, परिमाण करायला सांगितलं आहे. तिकडच्या खऱ्या शौकिनांतही अशी माणसं आहेत, की जी एकाच खेळाडूची कार्डं जमवतात, बाकीची वाटून टाकतात. व्रत म्हणून नाही करत ती, पण हद्द घातलेली असते. ती हद्द प्रेमानं घातली असली तर टिकते. भावाकडे बघून घातली तर भाव चढला की तीही पुढं सरकते.

आपल्याकडे हा प्रश्न फार करून वाटणीच्या दिवशी उभा राहतो. आई गेल्यावर तेराव्याच्या आसपास सोनार बोलावला जातो, तराजू येतो. सख्ख्या बहिणी पाव तोळ्यावरून बोलेनाशा झालेल्या मी माझ्या नात्यागोत्यात बघितल्या आहेत. त्याच घरात आईच्या हाताचे हळदीचे डाग पडलेली स्तोत्रांची वही खिडकीत पडून असते. तिचे कोपरे दुमडलेले, पानं सुटलेली. गुण द्यायचे म्हटले तर एकही मिळायचा नाही. ती कुणी मागत नाही, कारण तिच्यासाठी भांडायला दुसरं कुणी उभं नसतं.

तेव्हा एक करून बघण्यासारखं आहे, आणि ते आपण जिवंत असतानाच. दुपारी जरा निवांत असाल तेव्हा कपाट उघडा. एकेक वस्तू हातात घ्या आणि स्वतःला विचारा: उद्या हिची किंमत शून्य झाली तर मी ही ठेवेन का? ‘हो’ आलं, तर ती बाहेर काढा, वापरा, नेसा, झिजू दे. ‘नाही’ आलं, तर तिचं काय करायचं हे आपणच ठरवून वहीत लिहून ठेवावं. लेकींना तराजूपुढं बसवून जाऊ नये.