खांदा द्यायला कोण?

कोकणातल्या बऱ्याच गावांत लग्नकार्याची भांडी गावकीची असतात. घरात कार्य निघालं की मोठी पातेली, पराती मागून आणायच्या आणि घासूनपुसून परत करायच्या. एखादं घर वाळीत पडलं की आधी ही भांडी बंद होतात. मग ग्रामदेवतेची पालखी दारावर न थांबता पुढे जाते. दुकानदार माल असून नाही म्हणतो, चक्कीवर दळण घेत नाहीत. बोलेल त्याला दंड, म्हणून सख्खा चुलतभाऊ समोरून येताना मान खाली घालतो. मुंबईत नोकरीला असलेला मुलगाही सुटत नाही, कारण गावच्या मंडळाची बैठक मुंबईतही भरते. आणि घरात मयत झाली तर तिरडीला चार माणसं मिळत नाहीत. गुन्हा काय, तर जातीबाहेर लग्न केलं, निवडणुकीत भलत्याच्या बाजूने उभा राहिला, किंवा पंचांकडे वर्गणीचा हिशेब मागितला.

हा अडाण्यांचा कारभार, असं शहरातल्या शिकलेल्यांनी म्हणायचं कारण नाही. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखी मंडळी जमली होती आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता पेल्याला हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावभर गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. रानडे स्वतः डगमगणारे नव्हते, पण बहिष्कारामुळे मित्रांच्या घरची कार्यं अडू लागली आणि अखेर १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनी त्याबद्दल त्यांना भरपूर बोल लावले. मला मात्र त्या प्रसंगात रानड्यांच्या दुबळेपणापेक्षा बहिष्काराची ताकद जास्त दिसते. पुढे हायकोर्टाचा न्यायमूर्ती झालेल्या माणसाला जी झेपली नाही, ती भांडीकुंडी आणि खांदेकरी यांच्यासाठी गावकीवर अवलंबून असलेल्याला कशी झेपणार?

ही ताकद नेमकी ओळखली डॉ. आंबेडकरांनी. १९२७ मध्ये काढलेल्या पाक्षिकाला त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिलं, आणि गोलमेज परिषदेपुढे हक्कांचा मसुदा ठेवताना बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. त्यासाठीची कलमं त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मारहाण झाली तर पोलीस येतात. काम, किराणा आणि वाट बंद केली तर कुणाच्याही अंगाला हात न लावता माणूस शरण येतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये धर्मबहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. त्या काळाच्या मानाने फार धीट पाऊल होतं ते. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा मतांनी कायदा रद्द केला. पंथाची शिस्त टिकवण्यासाठी धार्मिक कारणावरून एखाद्याला बाहेर काढणं हा धर्माच्या कारभाराचाच भाग आहे, आणि घटनेच्या २६ व्या कलमाने तो पंथाच्या हाती ठेवला आहे, असं बहुमत म्हणालं. एकटे पडले ते सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. बहिष्कृताचे नागरी हक्कच हिरावले जातात आणि त्याची गत अस्पृश्यासारखी होते, म्हणून हा कायदा घटनेच्या हेतूशी जुळणारा आहे, असा त्यांच्या भिन्नमताचा रोख होता.

मला सिन्हांचं मत पटतं, पण बहुमत मूर्खपणाचं होतं असं म्हणणं सोपं आणि चुकीचं आहे. कुठल्याही मंडळाला सभासद काढण्याचा हक्क लागतोच. उद्या एखाद्या नास्तिक मंडळाच्या अध्यक्षांनी सत्यनारायण घातला, तर मंडळ त्यांना रजा देईल आणि त्यात कुणाला अन्याय दिसणार नाही. फरक कुठे पडतो? त्या अध्यक्षांचं फक्त सभासदत्व जातं. बायको, दुकान, दफनाची जागा यांतलं काहीच जात नाही. बोहरा सुधारकांच्या तक्रारींची चौकशी न्या. नथवानी आयोगाने केली. त्याचा १९७९ चा अहवाल वाचला की धर्मगुरूंच्या संमतीवाचून लग्न आणि दफन कसं अडतं ते कळतं. म्हणजे ‘हा धर्माचा भाग आहे का?’ हा प्रश्न कोर्टाने कितीही काटेकोरपणे सोडवला तरी बाहेर फेकलेल्या माणसाचं काय होतं, हे त्यातून कळत नाही. मानवतावादी माणूस सुरुवात त्या माणसापासून करतो. देव आहे की नाही, हा वाद इथे हवा कशाला? २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९६२ च्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला, तोही मूळ याचिका १९८६ मध्ये दाखल झाल्यावर. न्यायाची आपली चाल ही अशी.

मधल्या काळात महाराष्ट्राने दुसरी वाट काढली. २०१३ मध्ये नाशकात आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीचा बापानेच जीव घेतला आणि जातपंचायतींचा दबाव चव्हाट्यावर आला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायत मूठमाती अभियान उभारलं. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. कायदा अमुक कृत्य झालं का ते विचारतो: लग्नाला, अंत्यविधीला अडवलं का, स्मशानभूमी नाकारली का, संबंध तोडायला लोकांना भाग पाडलं का.

कायदा चांगला आहे आणि अपुराही. फिर्याद देणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं. पोलीस दंड घेणाऱ्याला पकडतील, पण शेजाऱ्याला हसून बोलायला लावणार नाहीत. आणि विवेकवाद्यांना अडचणीची वाटेल अशी एक गोष्ट आहे: वाळीत पडलेला माणूस बहुधा ‘बरं झालं, सुटलो’ म्हणत नाही. तो कर्ज काढून दंड भरतो आणि समाजात परत घ्या म्हणून हात जोडतो. त्याला स्वातंत्र्यावरचं व्याख्यान ऐकवणं सोपं, पण त्याच्या बापाच्या मयतीला आपल्यातलं कोण जातं?

जोतीराव फुल्यांना हे पुरतं कळलं होतं. सत्यशोधक समाज स्थापन झाला २४ सप्टेंबर १८७३ ला, आणि तीनच महिन्यांत, २५ डिसेंबरला, भटजीशिवायचं पहिलं लग्न लागलं. लग्नघरावर दबाव होता, सोयरे बिथरले होते; खर्च सावित्रीबाईंनी उचलला. समाजाने नुसती पत्रकं काढली असती तर कोण ऐकत होतं? त्यांनी मंगलाष्टकं दिली, विधी दिले, मांडवात उभी राहणारी माणसं दिली. अलीकडे काही जातपंचायती बरखास्त झाल्या, त्याही कार्यकर्ते पंचांशी बोलत बसले, वाळीत पडलेल्यांच्या घरी जात-येत राहिले तेव्हा. कायद्याचं कलम हाताशी होतं, म्हणून पंच ऐकायला तरी बसले. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात टाळ्या मिळत नाहीत. त्याला वर्गणी लागते, एखादी गाडी लागते, आणि रात्री फोन उचलणारी चार माणसं लागतात.