आक्रोशाची फिर्याद

परमेश्वराशी बोलताना माणसाने आवाज चढवावा की नाही, हा प्रश्न धर्मग्रंथांत क्वचितच इतक्या सरळ शब्दांत विचारलेला आढळतो. पण ज्याच्या घरात अकाली मृत्यू येऊन गेला आहे, प्रार्थनेचे नित्याचे शब्द उच्चारू गेल्यावर ते ओठांवरच कोरडे पडतात असा ज्याला अनुभव आला आहे, त्या प्रत्येक श्रद्धावंताला तो केव्हा ना केव्हा पडतोच. या प्रश्नाचा विचार येथे मी एका ध्वनिमुद्रिकेच्या आधाराने करणार आहे. पहिली दोन मिनिटे ऐकताच बहुतेक श्रोते ती बंद करतील आणि भक्तिसंगीताच्या दालनात तिला जागा देण्यास तर कोणीच सहजासहजी राजी होणार नाही, हे ठाऊक असूनही मी तिचीच निवड करतो, कारण इतक्या निकराने हा प्रश्न लावून धरणारी दुसरी आधुनिक कलाकृती माझ्या पाहण्यात नाही.

झेओ या अमेरिकन बँडची 'व्हेअर ब्लड अँड फायर ब्रिंग रेस्ट' ही ध्वनिमुद्रिका 1998 साली सिअ‍ॅटल येथील सॉलिड स्टेट या, प्रामुख्याने ख्रिस्ती कलावंतांचे जहाल संगीत प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेने काढली. बँडची स्थापना 1993 साली वेस्ट व्हर्जिनियात, ओहायो नदीच्या काठच्या पार्कर्सबर्ग गावी झाली होती. 1995 आणि 1997 साली दोन मुद्रिका निघाल्या, आणि त्यानंतर ड्रमवादक जेसी स्मिथ मागे राहून बाकीची मंडळी पांगली. तेव्हा डॅन वायंट हा गायक आणि रस कॉग्डेल व ब्रेट डेटार हे गिटारवादक अशी नवी मंडळी येऊन मिळाली, आणि त्यांच्या आगमनाने बँडचा जणू पुनर्जन्मच झाला. हार्डकोर पंकची नैतिक चीड आणि मेटलचे जड, काटेकोर वादन यांच्या संगमातून त्या दशकात जी मेटलकोर नावाची शैली रूपास येत होती, तिच्या घडणीच्या काळातील ही एक महत्त्वाची कृती होय.

तिच्यातील गायनाविषयी थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण सारा वाद त्याच्याभोवतीच आहे. वायंटचा आवाज या शैलीतील पुष्कळ गायकांसारखा खर्जातला किंवा घुमणारा नाही. तो वरच्या पट्टीतला, कोरडा, खरवडून काढल्यासारखा आहे, आणि त्यात सूर जवळजवळ उरलेलाच नसल्यामुळे श्वास आणि कठोर व्यंजने एवढीच सामग्री ऐकणाऱ्याच्या हाती लागते. अशा गायनात खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या बाजूस असलेल्या, एरवी श्वासमार्गाचे रक्षण करणाऱ्या घड्याही बहुधा कंप पावतात, आणि त्यामुळे नादाचे नियमित आंदोलन मोडून त्याला काटेरी खरखर येते. माणसाच्या किंकाळीत ध्वनीची तीव्रता सेकंदाला 30 ते 150 वेळा वरखाली होते आणि मेंदूतील भयाशी निगडित असलेला भाग नेमक्या याच खरखरीने जागा होतो, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवून दिलेले आहे. सामान्य बोलण्याने जो ऐकणारा हलत नाही, त्याला हलवण्यासाठी निसर्गाने राखून ठेवलेला हा नाद आहे. आणि झेओने तो प्रार्थनेच्या कामी लावला.

यावरची पहिली हरकत उघड आहे, आणि ती क्षुद्र नाही. ईश्वरसान्निध्य हे शांतीचे स्थान आहे, अशी जवळजवळ सर्व धर्मांची साक्ष आहे. बायबलातील एलीया संदेष्ट्याला परमेश्वर वादळात भेटला नाही, भूकंपात भेटला नाही, अग्नीतही भेटला नाही. त्या सर्वांनंतर आलेल्या एका मंद स्वरात भेटला. जिमी स्वॅगर्टसारख्या अमेरिकन धर्मोपदेशकांनी 1980 च्या दशकात ख्रिस्ती रॉक संगीतावर जी झोड उठवली, तिच्या मुळाशी इतर अनेक गोष्टींबरोबर हीही धारणा होती, की ज्या ध्वनीचे रूपच उद्दाम आहे, त्यात पवित्र आशय ओतला तरी तो पवित्र राहत नाही. रूप आणि आशय यांचा संबंध इतका निकटचा आहे, हे मला मान्य आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही, कारण त्या धारणेत पवित्र आशय म्हणजे केवळ स्तुती आणि आभार असे आधीच गृहीत धरलेले आहे.

हे गृहीत खुद्द त्यांच्याच ग्रंथाने खोटे ठरवले आहे. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची, म्हणजे सरळ सरळ गाऱ्हाण्यांची आहेत. त्यांत परमेश्वराला झोपेतून उठण्यास सांगितले आहे, तोंड का लपवतोस म्हणून त्याला जाब विचारला आहे, आणि किती काळ वाट पाहायची, याची मुदत मागितली आहे. त्यांतील बहुतेकांचा शेवट कसाबसा का होईना, विश्वासाकडे वळतो. पण 88 वे स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधाराच्याच उल्लेखावर संपते. कोणा संपादकाने त्याच्या शेवटी दोन सांत्वनाच्या ओळी जोडल्या नाहीत, आणि शतकानुशतके यहुदी व ख्रिस्ती मंडळ्यांनी ते आपल्या उपासनेच्या दफ्तरात जसेच्या तसे राहू दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. निरपराध असूनही सर्वस्व गमावलेला बायबलातील ईयोब तर विलापावरही थांबत नाही. त्याला रीतसर खटला हवा आहे, आपली कैफियत लेखी रुजू व्हावी आणि प्रतिवादीने समोर येऊन उत्तर द्यावे अशी त्याची मागणी आहे. विठोबाला शिव्या घालणारी जनाबाई, देवाशी हातघाईवर येणारे तुकोबा आणि 'करुणाष्टकां'तील रामदास ज्याच्या कानावर लहानपणापासून आहेत, त्या मराठी वाचकाला ही मुभा नवी वाटण्याचे कारण नाही.

झेओच्या या मुद्रिकेतील गीतांची नुसती शीर्षके वाचली, तरी ती याच दफ्तरातील आहेत हे ध्यानात येते. एकात सर्पांच्या असत्यांबरोबर अश्रूंची नदी आहे. एकात कोणाचे तरी स्मरण म्हणजे गैरहजर असलेल्या आठवणीचा ठेवा म्हटला आहे. एकात शरदातला निरोप आहे, तर दुसरे एक नुसता निखारा आहे. गेलेल्यांचा शोक आणि फसवणुकीविषयीचा संताप यांना तेथे वेगवेगळ्या खोल्या दिलेल्या नाहीत. ज्याने खरा शोक भोगला आहे त्याला हे पटेल, कारण पहिल्या काही दिवसांत शोक आणि संताप एकमेकांपासून अलग करता येतच नाहीत. ते पृथक्करण नंतरच्या, सावरलेल्या बुद्धीचे काम असते.

दुसरी हरकत अधिक सूक्ष्म आहे. ही प्रार्थना असेल तर ती कळत का नाही? येथे संत पौलाचा दाखला अपरिहार्य ठरतो. करिंथ येथील मंडळीत लोक आवेशाने अज्ञात भाषांत बोलू लागत, तेव्हा पौलाने त्यांना तसे करण्यास सरसकट मनाई केली नाही. अर्थ सांगणारा कोणी हजर असेल तर बोला, नसेल तर मंडळीत गप्प राहा आणि आपल्याशी व देवाशी बोला, असा त्याने दंडक घातला. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तोच पौल सांगतो, की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला उमगत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्या वतीने रदबदली करतो. ही दोन्ही वचने एकत्र ठेवून पाहिली, म्हणजे हार्डकोर संगीतातील एका साध्या प्रथेला वेगळाच अर्थ येतो. या परंपरेत गीतांचा मजकूर मुद्रिकेबरोबरच्या पुस्तिकेत छापण्याची जुनी चाल आहे, आणि श्रोता मांडीवर ती पुस्तिका उघडी ठेवून, बोटाने ओळ धरून ऐकतो. कानाला नुसते कण्हणे ऐकू येत असते आणि डोळ्यांना त्याचा अर्थ लाभत असतो. पौलाने मागितलेला दुभाषी येथे त्या छापील कागदाच्या रूपाने मंडळीत हजर असतो.

पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर संत ऑगस्टीनने स्तोत्रांवर प्रवचने करताना निःशब्द गायनाचे समर्थनच केले होते. कापणीच्या वेळी किंवा द्राक्षमळ्यात राबणारी माणसे प्रथम शब्द गातात, आणि आनंद शब्दांत मावेनासा झाला की अक्षरे सोडून केवळ नादावर येतात. ज्याचे वर्णन करता येत नाही त्या ईश्वराला असा नादच शोभतो, असे त्याचे म्हणणे. ऑगस्टीन तेथे आनंदाविषयी बोलत आहे, हे खरे. पण आनंदाला जर शब्द ओलांडून जाण्याचा परवाना असेल, तर दुःखाला तो का नसावा, याचे उत्तर मला त्याच्या युक्तिवादात सापडत नाही.

आणि याचा पुरावा शोधण्यासाठी अमेरिकेस जाण्याचीही गरज नाही. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्तिसदनात 1905 च्या जूनअखेर जे घडले, ते मराठी वाचकाला ठाऊक असावे तितके नाही. पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला आलेल्या, दुष्काळाने आणि वैधव्याने पोळलेल्या मुली प्रार्थनेला बसल्या असता मोठमोठ्याने रडू लागल्या, एकाच वेळी उच्च स्वरात आपली पापे आणि आपली दुःखे देवापुढे मांडू लागल्या, आणि तो गलबला दिवसेंदिवस चालू राहिला. लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटच्या प्रसिद्ध ख्रिस्ती धर्मजागृतीच्या आधीची ही घटना होय. संस्कृत विद्येच्या संयमात वाढलेल्या रमाबाईंना या आवाजाचा संकोच वाटला असता तर कोणी नवल केले नसते. परंतु त्यांनी तो बंद पाडला नाही, उलट टीकाकारांपुढे त्याची बाजू घेतली. त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी पवित्र आत्म्याच्या व अग्नीच्या बाप्तिस्म्यावर लिहिलेली पुस्तिका पुढे दूर चिली देशापर्यंत पोहोचली आणि तेथील जागृतीला निमित्त झाली. ज्या मुलींचे म्हणणे तोवर घरात, पंचायतीत, कचेरीत कोठेही ऐकले गेले नव्हते, त्यांनी पहिली दाद मोठ्या आवाजातच मागितली.

झेओच्या मुद्रिकेत 'द लॅटर रेन' या नावाचे एक गीत आहे. पॅलेस्टाइनच्या शेतीत पेरणीचा पाऊस शरदात पडतो, आणि पीक भरण्याच्या सुमारास, वसंतात, शेवटचा पाऊस, म्हणजे हाच 'लॅटर रेन', येतो; योएल, होशेय यांच्या ग्रंथांतील हा दृष्टान्त विसाव्या शतकातील पेंटेकोस्टल मंडळ्यांनी आपल्या जागृतीला लावला आणि अखेरच्या काळी आत्म्याचा वर्षाव होत आहे असे मानले. हे शीर्षक वाचताना केडगाव आणि पार्कर्सबर्ग ही दोन गावे एकाच आकाशाखाली येतात, असे मला वाटते. मुद्रिकेच्या नावातील रक्त आणि अग्नी यांचेही तसेच आहे. 1882 साली मुंबईत उतरलेल्या मुक्तिफौज या ख्रिस्ती संघटनेचे ब्रीद हेच दोन शब्द आहेत, ख्रिस्ताचे रक्त आणि पवित्र आत्म्याचा अग्नी. झेओने त्यांच्या जोडीला विश्रांती आणून बसवली. जी गोष्ट रक्त आणि अग्नी यांच्या अलीकडे मिळत नाही, त्यांतून गेल्यावरच मिळते, तिला हे संगीत विश्रांती म्हणते, आणि श्रोत्याला ती आधीच हातात देण्याचे नाकारते.

आता सर्वांत अवघड हरकत. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात ऑगस्टीन लिहितो, की गायिलेल्या गोष्टीपेक्षा गायनानेच आपण अधिक हेलावतो तेव्हा ते आपल्याला पाप वाटते. स्तोत्राच्या गोडव्याविषयी जर त्याला हे भय होते, तर संतापाच्या गोडव्याविषयी किती अधिक असले पाहिजे! किंकाळीतही सुख आहे. रंगमंचासमोर एकमेकांच्या अंगावर आदळणाऱ्या तरुणांच्या शरीरांना ते चांगले कळते, आणि त्या सुखासाठी फिर्यादीचे निमित्त करणे अगदी सोपे आहे. दोघांचा आवाज सारखाच असतो, म्हणून कान येथे निवाडा देऊ शकत नाही. माझ्या मते भेद संबोधनात आहे: आक्रोश कोणाला तरी उद्देशून आहे, आणि उत्तर आले तर ते ऐकून घेण्याची ज्याची तयारी आहे, त्याचा आक्रोश प्रार्थना होय, उत्तर आलेच तर ज्याची मैफल मोडेल, त्याचा तो नुसता विलास. झेओच्या या कृतीत मला पहिली गोष्ट ऐकू येते. गिटारांचा मारा शिगेला पोहोचून एकाएकी तुटतो, आणि मागे राहिलेल्या जागेत लगेच दुसरा आघात भरला जात नाही, अशा ठिकाणी ती विशेष ऐकू येते. आणि हे केवळ रचनेचे चातुर्य आहे असे कोणी म्हटले, तर त्याचे म्हणणे खोडून काढण्यास माझ्यापाशी कानाखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

पुढच्या वर्षीच या बँडने दान्तेच्या नरकवर्तुळांची चौकट घेऊन दुसरी मुद्रिका केली, आणि कालांतराने स्वतःला ख्रिस्ती बँड म्हणवून घेणेही सोडले. यावरून 1998 च्या प्रार्थनेला मागाहून खोटे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. फिर्याद दाखल करणारा पुढे दरबार सोडून गेला, तरी दाखल झालेली फिर्याद दफ्तरातून नाहीशी होत नाही, आणि 88 व्या स्तोत्राच्या कर्त्याचे पुढे काय झाले हे तरी आपल्याला कोठे ठाऊक आहे? ईयोबाच्या ग्रंथाच्या अखेरीस निकाल लागतो तेव्हा परमेश्वराचा कोप ओरडणाऱ्या ईयोबावर होत नाही. देवाची बाजू सौम्य, सुसंगत शब्दांत मांडत बसलेल्या त्याच्या तीन मित्रांवर होतो. आपल्याविषयी तुम्ही ईयोबाप्रमाणे यथार्थ बोलला नाहीत, असे त्यांना सुनावून परमेश्वर त्यांना होमबली घेऊन ईयोबाकडे जाण्याचा हुकूम करतो, आणि त्यांच्यासाठी मध्यस्थीची प्रार्थना करण्याचे काम ईयोबाकडे सोपवतो.