विखुरलेले भांडवल, सामायिक हित : एईची शिबुसावा यांच्या विचाराची घडण

सुमारे ५०० उद्योगसंस्थांच्या स्थापनेत किंवा वाढीत ज्यांचा हात होता, त्या एईची शिबुसावा (१८४०–१९३१) यांच्या कार्याच्या मुळाशी ‘गाप्पोन’ ही संकल्पना होती; लोकांजवळ विखुरलेला पैसा आणि लायक माणसे सार्वजनिक हिताच्या कामासाठी एकत्र आणणे, असा तिचा आशय. ही कल्पना त्यांनी युरोपातून आणली असे सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे.

जपानच्या आजच्या साइतामा प्रांतातील चिआराइजिमा या गावी त्यांचे घराणे शेतीबरोबर निळीचा व्यापार करी. आसपासच्या शेतकऱ्यांकडून निळीची पाने विकत घ्यायची, ती कुजवून त्यांचे गोळे करायचे आणि रंगाऱ्यांना विकायचे, असा हा धंदा होता. पाने पिकवणाऱ्यांची प्रतवारी तरुण शिबुसावांनी सुमो मल्लांच्या क्रमवारीच्या धर्तीवर लावली आणि मेजवानीत मानाचे स्थान उत्तम पीक काढणाऱ्याला दिले. मालाचा कस वाढला तर पिकवणारा आणि विकणारा दोघांचेही भले होते, ही जाणीव येथेच रुजली असावी. त्याच गावात सरंजामी अधिकाऱ्याने पैशाची मागणी करताना केलेला अपमानही त्यांच्या मनात सलत राहिला. कर्तबगारीपेक्षा जन्माला मान देणाऱ्या व्यवस्थेविषयीची ही चीड इतकी तीव्र होती की १८६३ साली त्यांनी सशस्त्र उठावाचा बेत आखला आणि तो ऐनवेळी सोडून दिला.

पुढे सत्ताधारी तोकुगावा घराण्याच्या सेवेत असताना १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनानिमित्त ते फ्रान्सला गेले. तेथे बँकर आणि लष्करी अधिकारी बरोबरीच्या नात्याने बोलताना दिसले, तसेच अनेकांनी घेतलेल्या रोख्यांवर रेल्वे उभी राहते हेही उमगले. गावात जे खुपत होते त्याचे उत्तर त्यांना या संयुक्त भांडवली रचनेत मिळाले.

१८७३ मध्ये अर्थखात्यातील अधिकारपद सोडून त्यांनी पहिल्या राष्ट्रीय बँकेची धुरा घेतली. मित्सुबिशीचे यातारो इवासाकी उद्योगाची सूत्रे एकाच हाती असावीत असे मानत, तर शिबुसावांचा भर भागधारकांवर होता. १८८३ साली १०,५०० चात्यांनिशी सुरू झालेली ओसाकाची सूतगिरणी हे त्यांच्या पद्धतीचे ठळक फळ होय. अशा गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस लागे, पण मुंबईहून होणारी वाहतूक पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या मुठीत होती. तेव्हा १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि शिबुसावा यांच्या सहकार्यातून जपानी जहाजांचा मुंबई मार्ग खुला झाला. सागरी मक्तेदारीला सहकार्याने शह देण्याचा हा प्रयत्न गाप्पोनच्या विचाराला समुद्रापार नेणारा होता, आणि मुंबईच्या उद्योग-इतिहासात त्याला अधिक जागा मिळायला हवी.

या विचाराला नीतीची चौकट त्यांनी कन्फ्यूशिअसच्या वचनसंग्रहातून दिली. नफा आणि सदाचार परस्परविरोधी नाहीत, हे प्रतिपादन करणारा ‘रोंगो तो सोरोबान’ (वचनसंग्रह आणि मणिचौकट) हा ग्रंथ १९१६ साली निघाला. मात्र ही नीती मालकाच्या सद्सद्विवेकावर फार विसंबून होती. भागधारकाला जवळ करणाऱ्या या विचारात कामगाराला तितकी जागा नव्हती. ओसाकाच्या गिरणीत रात्रपाळी चाले, आणि कारखाना कायद्याची चर्चा सुरू झाली तेव्हा, १८९० च्या दशकात, शिबुसावांनी त्यास विरोध केला. पुढे त्यांचे मत बदलले आणि १९११ साली कायदा संमत झाला, तरी गिरण्यांतील स्त्रियांची रात्रपाळी प्रत्यक्षात बंद व्हायला १९२९ साल उजाडले. तोवर शिबुसावा नव्वदीला आले होते.